नवा अल्बम, जुने कान

८ जानेवारी २०१३. लंडनमध्ये अजून पुरतं उजाडलंही नव्हतं आणि इंटरनेटवर एक गाणं येऊन थांबलं होतं. आधी जाहिरात नाही, मुलाखत नाही, कुठून बातमी फुटलेली नाही. गाण्याचं नाव 'व्हेअर आर वी नाऊ?' आणि सोबत नव्या अल्बमची घोषणा. डेव्हिड बोवीचा तो ६६वा वाढदिवस होता. त्याचा आधीचा अल्बम येऊन जवळपास दहा वर्षं झाली होती.

बोवी हे नाव ज्यांच्या फारसं परिचयाचं नाही त्यांच्यासाठी एक सोपी खूण सांगतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं 'अंडर प्रेशर' तुम्ही नक्की ऐकलं असेल. १९८१ च्या त्या गाण्यात फ्रेडीच्या समोर जो दुसरा, जरा खालच्या पट्टीतला आवाज आहे, तो बोवीचा. जन्म १९४७, लंडनचा ब्रिक्स्टन भाग. १९६९ मध्ये 'स्पेस ऑडिटी'मुळे नाव झालं आणि पुढे जवळजवळ प्रत्येक दोन वर्षांनी त्याने कपडे, केस, बँड, शहर आणि संगीत असं सगळंच बदललं.

२००४ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या एका फेस्टिव्हलमध्ये कार्यक्रम संपवून तो स्टेजमागे कोसळला. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. शस्त्रक्रिया झाली, टूर तिथेच संपली. त्यानंतर दोन-चार ठिकाणी पाहुणा म्हणून गाणं सोडलं, तर तो दिसेनासाच झाला. चाहत्यांनी मनातल्या मनात त्याला निवृत्त करून टाकलं होतं. अशा माणसाचं गाणं एका सकाळी अचानक समोर आलं. संथ चाल, थकलेला, किंचित कापरा आवाज आणि शब्दांमध्ये बर्लिनच्या जागांची नावं. ७० च्या दशकात तो ज्या शहरात राहिला, त्या शहरातून एक म्हातारा माणूस एकटाच फिरतो आहे, असं ते गाणं.

लोक रडले, एकमेकांना फोन केले, आणि लगेच काळजीतही पडले. आवाज असा का येतोय? आजारी आहे का? हा निरोप आहे का? मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' हा पूर्ण अल्बम आला तेव्हा कळलं की त्यातली बरीच गाणी चांगली दणदणीत रॉक आहेत. ते संथ गाणं अपवाद होतं. दोन महिने चाहते त्या एका गाण्यावरून एका वेगळ्याच अल्बमची कल्पना करत होते.

या लेखाचा विषय हाच आहे. जुन्या, मोठ्या गायकाचा नवा अल्बम येतो तेव्हा चाहते नेमकं काय ऐकतात? बोवीच्या चाहत्यांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं सापडतात की एका गायकाच्या गोष्टीतून आपल्या स्वतःच्या कानांबद्दलही बरंच कळतं.

पांढरा चौकोन

'द नेक्स्ट डे'चं कव्हर पाहून अनेकांना वाटलं, ही चेष्टा आहे. ते १९७७ च्या 'हीरोज' या अल्बमचंच कव्हर होतं. जपानी छायाचित्रकार मासायोशी सुकिता यांनी काढलेला तो प्रसिद्ध कृष्णधवल फोटो. त्यावरचं 'हीरोज' हे नाव एका रेघेने खोडलेलं आणि बोवीच्या चेहऱ्यावर मधोमध एक पांढरा चौकोन. चौकोनात साध्या अक्षरात नव्या अल्बमचं नाव. बस.

काहींना हा आळस वाटला, काहींना अपमान. 'हीरोज' हा अनेकांचा लाडका अल्बम, त्याच्यावर असं कागद चिकटवल्यासारखं कसं केलं? लवकरच लोकांनी गंमत म्हणून आपापल्या फोटोंवर आणि इतर अल्बमच्या कव्हरांवर तसेच पांढरे चौकोन टाकायला सुरुवात केली. डिझायनर जोनाथन बार्नब्रुक याने यामागचा विचार उघडपणे मांडला होता. भूतकाळ पुसून पुढे जायचं आहे, पण तो पूर्ण पुसला जात नाही, हे त्याला दाखवायचं होतं. चौकोनाच्या कडांमधून जुना फोटो दिसतच राहतो.

मला हे कव्हर म्हणजे चाहत्याच्या डोक्याचा नकाशा वाटतो. नवा अल्बम लावला तरी खाली जुना अल्बम वाजत असतो. ३० वर्षं ज्या आवाजासोबत काढली, तो आवाज बाजूला ठेवून कुणी नवं गाणं ऐकू शकत नाही. त्यामुळे चाहत्याची पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा तुलना असते. बोवीच्या बाबतीत ही तुलना कशी कशी फसली, ते आता क्रमाने बघू.

नकोसा अल्बम

३ जुलै १९७३ च्या रात्री लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने स्टेजवरून जाहीर केलं की हा आपला शेवटचा शो आहे. प्रेक्षागृहात रडारड झाली. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बँडमधल्या दोघांनाही हे आधी माहीत नव्हतं. प्रत्यक्षात शेवट होता तो झिगी स्टारडस्ट या लाल केसांच्या, परग्रहावरून आल्यासारख्या पात्राचा. ज्या मुलामुलींनी तसेच केस कापून घेतले होते, त्यांच्यासाठी मात्र तो फरक फार मोठा नव्हता. त्यांचा बोवी त्या रात्री गेलाच.

मग आला अमेरिकन सोल संगीताकडे वळलेला बोवी. १९७५ च्या 'यंग अमेरिकन्स'मधलं 'फेम' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. रेकॉर्ड कंपनी आरसीए खूश होती. आता हेच चालू ठेवावं असं कुणालाही वाटलं असतं.

त्याऐवजी जानेवारी १९७७ मध्ये 'लो' आला. पहिल्या बाजूला छोटी, मध्येच संपल्यासारखी वाटणारी गाणी. दुसरी बाजू जवळपास शब्दांशिवाय, ब्रायन ईनोच्या सिंथेसायझरच्या लांब, थंड सुरांनी भरलेली. कंपनीला हे काय करावं ते कळेना. ख्रिसमसच्या विक्रीचा हंगाम सोडून तो अल्बम नव्या वर्षात काढला गेला. समीक्षकांमध्ये सरळ दोन तट पडले. निक लो नावाच्या इंग्लिश गायकाने तर याच वर्षी आपल्या रेकॉर्डला 'बोवी' असं नाव दिलं आणि त्यातलं शेवटचं इंग्रजी अक्षर मुद्दाम गाळलं. बोवीने माझ्या आडनावातलं शेवटचं अक्षर गाळून अल्बम काढला, तर मी त्याच्या आडनावातलं गाळतो, असा तो विनोद.

पुढचं सर्वांना माहीत आहे. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने 'लो'मध्ये एका यंत्रातून ड्रमचा जो खोलात कोसळल्यासारखा आवाज काढला, त्याची नक्कल नंतर कित्येकांनी केली. मँचेस्टरमधल्या काही पोरांनी त्यातल्या 'वॉर्सावा' या गाण्यावरून आपल्या बँडचं नाव 'वॉर्सा' ठेवलं. हाच बँड पुढे 'जॉय डिव्हिजन' झाला. १९९२ मध्ये फिलिप ग्लास यांनी 'लो'वर आधारित सिम्फनी रचली. आज बोवीच्या सर्वोत्तम अल्बमांची कुठलीही यादी काढा, 'लो' वरच्या दोन-तीनांत असतो.

ही गोष्ट नेहमी चाहत्यांना हिणवण्यासाठी सांगितली जाते. बघा, तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं! मला ते अन्यायाचं वाटतं. १९७७ मध्ये 'लो' विकत घेणाऱ्याकडे पुढच्या १५ वर्षांचं संगीत नव्हतं. ज्या बँडांनी 'लो'चा आवाज आपल्या कानांत बसवला, ते अजून तयार व्हायचे होते. आपण तो अल्बम ऐकतो तेव्हा त्याची मुलं-नातवंडं आधीच ओळखीची असतात. त्यामुळे तेव्हाचा गोंधळ हा बहिरेपणा नव्हता. त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर दिलेली ती प्रामाणिक प्रतिक्रिया होती.

आवडता अल्बम

उलटा प्रकार १९८३ मध्ये झाला. नाइल रॉजर्ससोबत केलेला 'लेट्स डान्स' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे धावत सुटला. शीर्षकगीत दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर. आधी हॉलमध्ये गाणारा बोवी आता स्टेडियममध्ये गाऊ लागला. लाखो नवे चाहते आले आणि त्यांच्यापैकी अनेकांना 'लो' किंवा झिगीशी काही देणंघेणं नव्हतं. जुन्यांना वाटलं, आपला माणूस सगळ्यांचा झाला. नव्यांना वाटलं, आता असाच नाचवत राहील.

आणि पहिल्यांदाच बोवीने चाहत्यांना हवं ते द्यायचा प्रयत्न केला. १९८४ चा 'टुनाइट' आणि १९८७ चा 'नेव्हर लेट मी डाऊन' या अल्बमांकडे आज कुणी फारसं प्रेमाने बघत नाही. यात खुद्द बोवीही आला. नंतरच्या मुलाखतींमध्ये त्याने या काळाबद्दल स्वतःला सोडलं नाही. 'नेव्हर लेट मी डाऊन'ची वाद्यं नव्याने वाजवून, त्याचा जुना आवाज तसाच ठेवून केलेली एक आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये निघाली. इतकं ते शल्य.

तरी इथेही एक गुंता आहे. याच बदनाम अल्बमच्या टूरमध्ये ६ जून १९८७ रोजी बोवी पश्चिम बर्लिनमध्ये, राइशटागच्या समोर गायला. भिंत जवळच होती. पलीकडे पूर्व बर्लिनमधली तरुण मुलं आवाज ऐकायला जमली आणि त्या दिवसांत त्यांची पोलिसांशी झटापट झाली. बोवी गेला तेव्हा जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने भिंत पाडायला मदत केल्याबद्दल त्याचे आभार मानले. राजकारणात याचं वजन किती धरायचं हा वेगळा वाद. पण भिंतीपलीकडे उभं राहून ऐकणाऱ्या मुलाला बोवीचा ताजा अल्बम आधीच्यापेक्षा फिका आहे की नाही, हा प्रश्न तरी पडला असेल का? एकाच वर्षाचा, एकच गायक. लंडनचा समीक्षक आणि पूर्व बर्लिनचा पोरगा त्याला दोन वेगळ्या भुकेने ऐकत होते.

फोनवरून मतदान

१९९० मध्ये बोवीने एक विलक्षण गोष्ट केली. 'साउंड अँड व्हिजन' नावाची टूर जाहीर केली आणि सांगितलं की जुनी हिट गाणी आता शेवटचीच गाणार. कुठली गायची हे चाहत्यांनी फोन करून ठरवावं. शहराशहरांत मतदानासाठी फोन नंबर दिले गेले.

इंग्लंडच्या 'एनएमई' या साप्ताहिकाने लगेच खोडी काढली. १९६७ मध्ये बोवीने 'द लाफिंग नोम' नावाचं एक बालिश विनोदी गाणं केलं होतं. पुढे मोठा कलाकार म्हणून मिरवताना ज्याची आठवण कुणी काढू नये असं वाटावं, तसलं. सगळ्यांनी त्यालाच मत द्या, अशी मोहीम साप्ताहिकाने चालवली. बोवीने ते गाणं काही गायलं नाही.

ही गंमत सोडली तरी त्या मतदानात एक मूलभूत अडचण होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे लोकांना काय हवं ते विचारा, आकडे बघा आणि तेच द्या, हा आमचा रोजचा धर्म. पण लोक मत देऊ शकतात ते त्यांनी आधी ऐकलेल्या गाण्यालाच. १९७६ मध्ये असं मतदान घेतलं असतं, तर 'फेम'सारखी आणखी दहा गाणी मागितली गेली असती आणि 'लो'ला शून्य मतं पडली असती, कारण 'लो' अजून अस्तित्वातच नव्हता. आज आपल्या फोनवर हे मतदान चोवीस तास चालू असतं. कुठल्याही जुन्या गायकाचं पान उघडा, वरती त्याची सर्वांत जास्त ऐकलेली पाच गाणी दिसतात. लोक तीच ऐकतात, म्हणून ती वर राहतात. नवा अल्बम कुठेतरी खाली असतो, अंगठ्याने बराच वेळ सरकवल्यावर सापडणारा.

जुनी गाणी कायमची सोडण्याचा शब्द बोवीनेही पूर्ण पाळला नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत 'नाइन इंच नेल्स' या तरुण बँडला सोबत घेऊन तो फिरला तेव्हा मोठी हिट गाणी बहुतेक टाळली आणि 'आउटसाइड' हा नवा, अवघड अल्बम गायला. त्या बँडचे चाहते मध्येच उठून जात आणि बोवीचे चाहते जुन्या गाण्यांची वाट बघत बसत. पण पुढे जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कला पन्नाशीचा कार्यक्रम झाला तेव्हा त्याने 'स्पेस ऑडिटी' गायलं. २००३-०४ च्या शेवटच्या टूरमध्ये तर जुनी गाणी भरपूर होती. वन्समोअरला आयुष्यभर नाही म्हणणं कुणालाच जमत नाही.

मधली करडी जागा

१९९८ मध्ये बोवीने 'बोवीनेट' नावाची इंटरनेट सेवा सुरू केली. पैसे भरून इंटरनेट जोडणी घ्यायची आणि सोबत त्याच्या नावाचा ईमेल पत्ता मिळायचा. तिथे तो स्वतः 'सेलर' या टोपणनावाने चाहत्यांशी बोलायचा. १९९९ मध्ये त्याचा 'अवर्स' हा अल्बम दुकानांत यायच्या आधी डाउनलोडसाठी ठेवला गेला. त्या काळच्या डायल-अप मोडेमवर एक अल्बम उतरवायला किती वेळ लागत असेल याची कल्पना करा.

त्याच वर्षी बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांना दिलेल्या मुलाखतीत तो जे बोलला, ते आजही फिरत असतं. इंटरनेट काय करणार याबद्दलचे त्याचे अंदाज खरे ठरले म्हणून ती मुलाखत लोकप्रिय आहे. मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. कलाकृती कलाकाराकडे पूर्ण होत नाही. ऐकणारा येतो, आपला अर्थ त्यात मिसळतो, तेव्हा ती पुरी होते. कलाकार आणि ऐकणारा यांच्या मधली जी करडी जागा आहे, तीच खरी, आणि एकविसावं शतक त्याच जागेचं असेल, असं त्याचं म्हणणं होतं.

हे तत्त्वज्ञान म्हणून ऐकायला छान आहे. पण १६ वर्षांनी त्याची परीक्षा अशी झाली की त्यातलं काहीच हवेतलं राहिलं नाही.

त्याआधी पुन्हा एकदा २०१३ कडे येऊ. 'द नेक्स्ट डे' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९९३ नंतर बोवीचा कुठलाच अल्बम तिथवर पोचला नव्हता. याच मार्चमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या कपड्यांचं, हस्तलिखितांचं, वस्तूंचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि तीन लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. सगळीकडून कौतुक झालं. पण त्या कौतुकात एक शब्दप्रयोग लपलेला होता, जो आपल्याकडेही थोरामोठ्यांच्या वाट्याला येतो: वयाच्या मानाने. वयाच्या मानाने आवाज चांगला आहे. इतक्या वर्षांनी केलंय म्हणजे कमालच. संग्रहालयात ठेवलेला माणूस अचानक गाऊ लागल्याचा तो आनंद होता. गाणी कशी आहेत, हा प्रश्न जरा मागे पडला. शिव्या खाणाऱ्या 'लो'ला निदान बरोबरीच्या नात्याने ऐकलं गेलं होतं. टीका पचवता येते. सवलतीचे गुण मिळाले, की आपली परीक्षाच झाली नाही असं वाटतं.

दोन दिवस

८ जानेवारी २०१६ ला, ६९व्या वाढदिवशी, 'ब्लॅकस्टार' आला. सात गाणी, सुमारे ४१ मिनिटं. सोबत नेहमीचे रॉक वादक नाहीत, तर सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिनचा न्यूयॉर्कमधला जॅझ चमू. रॉक अँड रोल टाळायचं हे ठरवूनच काम केलं आणि त्या काळात केंड्रिक लमार बराच ऐकत होतो, असं व्हिस्कॉन्टीने सांगितलं होतं. कव्हरवर पहिल्यांदाच बोवीचा चेहरा नव्हता. पांढऱ्यावर एक काळी चांदणी.

त्या शुक्रवारी आणि शनिवारी चाहत्यांनी हा अल्बम कसा ऐकला? जॅझ आणि रॉकची ही मिसळ जमली आहे का, यावर वाद झाले. जवळपास दहा मिनिटांच्या शीर्षकगीताची तुलना १९७६ च्या 'स्टेशन टू स्टेशन'शी झाली. ते गाणं इसिसबद्दल आहे असं मॅकॅस्लिनने आधी एका मुलाखतीत म्हटलं होतं, नंतर त्याचा इन्कार झाला होता, त्यावर चर्चा झाली. 'गर्ल लव्ह्ज मी' या गाण्यात 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीतली बनावट बोली आणि लंडनच्या समलिंगी लोकांची जुनी गुप्त भाषा यांचे शब्द आहेत. ते उलगडण्यात लोक रमले. एका गाण्याचं नाव जॉन फोर्डच्या सतराव्या शतकातल्या नाटकावरून घेतलेलं. दोन गाण्यांची आधीची रूपं नोव्हेंबर २०१४ मध्येच येऊन गेली होती, तेव्हा जुनं बरं की नवं, हेही आलंच. एकूण सूर असा होता की म्हातारा अजून धोका पत्करतो आहे. 'वयाच्या मानाने' हे शब्द कुणाला सुचत नव्हते, कारण २५ वर्षांच्या गायकानेही असा अल्बम काढला असता, तर लोक तितकेच चक्रावले असते.

१० जानेवारीला बोवी वारला. यकृताचा कर्करोग, १८ महिन्यांची झुंज, आणि जवळच्या मोजक्या माणसांशिवाय कुणालाही पत्ता नाही. जगाला कळलं ते ११ तारखेला, लंडनच्या सकाळी.

आणि तोच अल्बम काही तासांत वेगळा झाला. फाइलमधला एक बाइटही बदलला नव्हता. ऐकणारेही तेच होते, कित्येकांनी तो शनिवारी पाच-सहा वेळा ऐकलेला होता. फक्त एक माहिती वाढली. 'लाझरस' हे गाणं मरणाच्या अंथरुणावरून लिहिलेलं पत्र झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर पडलेला बोवी दाखवणारा त्याचा व्हिडिओ, जो दोन दिवसांपूर्वी विचित्र आणि नाटकी वाटत होता, तो बघवेना. व्हिस्कॉन्टीने या अल्बमला निरोपाची भेट म्हटलं आणि ते सगळ्यांनी उचललं. ब्रिक्स्टनमधल्या त्याच्या भित्तिचित्रापुढे आणि बर्लिनमधल्या ज्या इमारतीत तो राहायचा तिथे फुलांचे ढीग लागले. आयुष्यात पहिल्यांदा बोवीचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला. पुढच्या वर्षी त्याला पाच ग्रॅमी मिळाल्या.

इतिहासाच्या दृष्टीने हे दोन दिवस फार मौल्यवान आहेत. इतर अल्बमांबद्दलचं मत बदलायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि मधल्या काळात ऐकणारे, फॅशन, जगच बदलतं. त्यामुळे मत कशामुळे बदललं ते वेगळं काढता येत नाही. इथे बाकी सगळं स्थिर राहिलं. मधल्या करड्या जागेत काय घडतं, हे आपल्याला इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

दुसरा अर्थ

सोमवारनंतरचा अर्थ खोटा होता असं मला म्हणायचं नाही. मरण त्या अल्बममध्ये आहेच. पण तो एकमेव अर्थ होऊन बसला, आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या काही गोष्टी बाजूला सारल्या गेल्या.

'लाझरस'च्या व्हिडिओचा दिग्दर्शक योहान रेंक याने नंतर सांगितलं की पलंगाची कल्पना त्याची स्वतःची होती. बायबलमधला लाझरस मेलेल्यातून उठतो, म्हणून त्याला ती सुचली, आणि तेव्हा त्याला बोवीच्या प्रकृतीची गंभीरता माहीत नव्हती. आता उपचार थांबवायचे, हे बोवीला कळलं ते याच व्हिडिओच्या चित्रीकरणाच्या आठवड्यात. म्हणजे आपण ज्याला आखलेला निरोप समजतो, त्यातला काही भाग योगायोग होता. व्हिस्कॉन्टीनेच असंही सांगितलं की शेवटच्या आठवड्यांत बोवीने त्याला फोन केला, पाच नव्या गाण्यांचे कच्चे आराखडे तयार होते आणि त्याला आणखी एक अल्बम करायचा होता. निरोप घेणारा माणूस पुढच्या कामाची तयारी करत होता.

मग चाहत्यांनी काय करावं? जुने कान फेकून द्यावेत आणि प्रत्येक अल्बम कोऱ्या पाटीने ऐकावा? हा सल्ला बऱ्याचदा दिला जातो आणि मला तो पटत नाही. कारण 'ब्लॅकस्टार'च्या शेवटच्या गाण्यात बोवीने जुन्या कानांसाठीच काहीतरी ठेवलं होतं. 'आय कान्ट गिव्ह एव्हरीथिंग अवे' सुरू होतं तेव्हा मागे एक माउथ ऑर्गन वाजतो. तो सूर 'लो'मधल्या 'अ न्यू करिअर इन अ न्यू टाऊन' या शब्दांविना असलेल्या तुकड्याची आठवण करून देतो. तोच 'लो', ज्याला १९७७ मध्ये कंपनीला कुठे ठेवावं कळत नव्हतं. नव्या शहरातलं नवं काम असं नाव असलेला तुकडा, शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात. ज्यांनी 'लो' कधीच ऐकला नाही त्यांना तो एक छान माउथ ऑर्गन ऐकू येतो. ज्यांनी ३९ वर्षं तो अल्बम जवळ ठेवला होता, त्यांना मात्र तो शुक्रवारीच, मरणाची बातमी नसतानाही, ओळखू आला.

मे २०१६ मध्ये चाहत्यांना आणखी एक गोष्ट सापडली. 'ब्लॅकस्टार'च्या विनाइल रेकॉर्डचं आतलं काळं पान उन्हात धरलं, की त्यावर तारे दिसू लागतात. चार महिने ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कव्हर पुन्हा बार्नब्रुकचंच होतं, आणि त्याने या अल्बमच्या चित्रांचे घटक चाहत्यांना बिनविक्री वापरासाठी मोकळेही करून दिले.

जुन्या गायकाचा नवा अल्बम आला की आपणही पहिल्या तासात मत नोंदवून मोकळे होतो. आता ती मजा राहिली नाही, किंवा वयाच्या मानाने छान आहे. ते मत द्यायला काहीच हरकत नाही. ते आपलं, त्या दिवसाचं, प्रामाणिक मत असतं आणि उद्या कुणी इतिहास लिहायला बसला तर त्याला ते लागेल. फक्त त्यानंतर ती रेकॉर्ड कपाटात ठेवून देण्याआधी एकदा उजेडात धरून बघावी.